पाण्याचे मंथन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण जिची पूजा करतो ती लक्ष्मी समुद्रमंथनातून वर आली, हे घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक असते. पण विष्णुपुराणातला एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. मंदराची रवी आणि वासुकीची दोरी लावण्याआधी विष्णूने देवांना बजावले, की नाना प्रकारच्या वनस्पती आणून आधी क्षीरसागरात टाका. म्हणजे मुळात दूध, त्यात औषधी, आणि मग घुसळण. नुसत्या पाण्यात रवी फिरवायला देवसुद्धा धजावले नाहीत. आमच्या शाळांतून हल्ली जे 'विचारमंथन' चालते, त्यात रवी आहे, दोरी आहे, ओढणारे कोवळे हातही आहेत. डेऱ्यात काय आहे, एवढे मात्र कोणी वाकून पाहत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि सवडीने कादंबऱ्या लिहिते. जुन्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिक. त्यापुढे ब्रश धरायला शिकले तेवढेच. तेव्हा शिक्षणशास्त्रातले बाईंना काय कळते, असे कोणी म्हणेल तर खुशाल म्हणो. पोरांच्या बोटांना रंग कधी लागतो आणि नुसता लागल्यासारखा कधी दिसतो, हे ओळखण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, आणि आजचा मुद्दा नेमका तोच आहे.

पूर्वी शाळेत 'प्रकल्प' असे. त्याचा आता 'इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया प्रकल्प' झाला आहे. ज्या आजी-आजोबांना हे प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. चित्र, आवाज, हलती दृश्ये आणि मजकूर एकत्र गुंफायचा, आणि पाहणाऱ्याने पडद्यावर बोट टेकवले की त्याला हवे ते उघडायचे. कल्पना मुळीच वाईट नाही. पाच-सहा मुलांची तुकडी करायची, आणि पहिल्याच दिवशी त्यांना एका खोलीत बसवून 'ब्रेनस्टॉर्मिंग' करायला लावायचे, अशी आता रीत पडली आहे. माझे भांडण त्या पहिल्या दिवसाशी आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात डोंबिवलीतल्या एका शाळेत अशा बैठकीला मी हजर होते. शाळेचे नाव सांगत नाही. वाचकांनी आपल्या पोरांच्या शाळेचे घातले तरी चालेल. विषय होता 'आपले शहर'. नववीतली सहा मुले, रंगीत चिकटचिठ्ठ्यांची थप्पी, आणि मार्गदर्शनासाठी बाहेरून बोलावलेले एक उमदे तरुण गृहस्थ. त्यांनी नियम सांगितले. सुचेल ते लिहायचे. जितके जास्त तितके उत्तम. आणि दुसऱ्याच्या कल्पनेला 'नाही' म्हणायचे नाही. वीस मिनिटांत फळा चिठ्ठ्यांनी फुलून गेला. दुर्गाडी किल्ला थ्री-डीमध्ये गरागरा फिरणार. डॉक्टर आनंदीबाई जोशी पडद्यावर प्रकट होऊन स्वतःचे चरित्र सांगणार. १८५३ ची पहिली आगगाडी ठाण्यात शिरणार आणि बटण दाबले की शिटी वाजणार. फडके रोडवरच्या दिवाळी पहाटेत आपला फोटो आपणच चिकटवायचा. प्रत्येक चिठ्ठीला गृहस्थ 'वा! सुपर!' म्हणत होते.

मी विचारले, "दुर्गाडीवर कोण कोण गेले आहे रे?" एक हात वर झाला, तोही कधीतरी लहानपणी, नवरात्रातल्या जत्रेला. "आनंदीबाईंचे माहेर कुठले?" दोघे एका आवाजात म्हणाले, "पुणे!" आता या बाईचे माहेर कल्याण. या मुलांच्या स्टेशनापासून मधे फक्त ठाकुर्ली सोडली की ते गाव येते. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन जिने डॉक्टरची पदवी घेतली आणि वयाची बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, जिने डोळे मिटले, तिला ही पोरे बोलती करणार! तिच्या तोंडी काय घालणार? मोबाइल जे सांगेल ते. म्हणजे बाई पडद्याची, शब्द यंत्राचे, आणि मुलांचे काय, तर फक्त नाव. तेही पुठ्ठ्यावर, खालच्या ओळीत.

फळ्याच्या अगदी कोपऱ्यात एक पिवळी चिठ्ठी होती. ती लिहिणारी मुलगी सबंध बैठकीत एक अक्षर बोलली नव्हती. चिठ्ठीवर लिहिले होते : 'माझे बाबा सकाळी गाडीत कसे चढतात?'

ध्यानात घ्या, ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन भरगच्च लोकल एकमेकींशेजारून जाताना दारांत लटकलेली माणसे खाली पडली होती, काहींचे प्राण गेले होते. ती बातमी अजून ओली होती. डोंबिवली-कल्याणच्या घराघरांतून सकाळी डबा हातात देताना बायका नवऱ्याला आणि लेकाला जे सांगतात, तेच त्या चिठ्ठीत होते. फक्त पोरीने त्याचा प्रश्न केला होता. साऱ्या फळ्यावर प्रश्न म्हणावा असा तेवढा एकच. बाकी नुसते देखावे.

गृहस्थ क्षणभर थबकले. माणूस वाईट नव्हता. मृदू आवाजात म्हणाले, "विषय छान आहे, पण जरा निगेटिव्ह वाटतो. आणि यात दाखवणार काय?" कोणाला 'नाही' म्हणायचे नाही, हा नियम तेवढ्यापुरता बाजूला राहिला. मुलीने उठून आपली चिठ्ठी आपणच सोलून काढली आणि कंपासपेटीत ठेवली. बहुमताने आनंदीबाई निवडून आल्या.

मंथनात पहिल्याप्रथम वर येते ते हलाहल, हेही पुराणातच आहे. देवांनी त्याला 'निगेटिव्ह' म्हणून बाजूला केले नाही. ते पचवणारा शोधला.

हे चिठ्ठ्यांचे शास्त्र आले तरी कुठून, म्हणून मी जरा शोध घेतला. ॲलेक्स ऑस्बॉर्न नावाचे अमेरिकेतले एक बडे जाहिरातदार. १९५३ साली त्यांनी 'अप्लाइड इमॅजिनेशन' हे पुस्तक लिहून या पद्धतीचा डंका जगभर पिटला. टीका नको, स्वैर सुचू द्या, भाराभर सुचू द्या, एकाच्या कल्पनेवर दुसऱ्याने चढवा, हे त्यांचे चार नियम. जाहिरातीच्या कचेरीत ते शोभलेही असतील, कारण तिथे बसणाऱ्या माणसाला आपला माल आणि आपले गिऱ्हाईक आधीच पाठ असते. डेऱ्यात दही असते! शिवाय ऑस्बॉर्नसाहेबांनी न्यायनिवाडा पुढे ढकला म्हटले होते, कायमचा रद्द करा म्हटले नव्हते. आमच्याकडे येता येता पहिला अर्धा भाग तेवढा पोचला.

आणि गंमत पाहा. पुस्तकाला पाच वर्षे होतात न होतात तोच, १९५८ साली, येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघा संशोधकांनी ते ताडून पाहिले. चार माणसे एकत्र बसवली, आणि दुसरीकडे चार माणसे वेगवेगळी बसवून त्यांच्या याद्या मागाहून एकत्र केल्या. एकेकट्या बसलेल्यांच्या वेगळ्या कल्पना जवळपास दुप्पट भरल्या. पुढे १९८७ साली डील आणि श्ट्रोब या जोडीने त्याचे एक मोठे कारण दाखवून दिले. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबता थांबता सुचलेले विझून जाते. सासुरवाडीला पंगतीत बसलेल्या कोणाही जावयाला हे प्रयोगाशिवाय कळले असते. बडबड्याचे सुचणे वाढते, अबोलाचे आटते. तरीही जगभर शाळांतून, कचेऱ्यांतून हा सोहळा चालूच आहे. कारण त्यात काम झाल्यासारखे फार छान वाटते. फोटोही चांगले येतात.

कोणी म्हणेल, बाईंना मुलांनी एकत्र येऊन काही करणेच नको आहे. अहो, मुलांचे एकत्र डोके कसे चालते ते पाहायचे असेल तर या दिवसांत खिडकीतून खाली पाहा. जिथे अजून मातीचा किल्ला होतो, त्या सोसायटीच्या कोपऱ्यात पाहा. ठाण्या-डोंबिवलीत आता रंगवलेले तयार किल्ले बाजारात मिळतात, आणि गाडीच्या डिकीतून ते घरी आणणारे वडील मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी न बोललेले बरे. पण जिथे पोरे गोणपाट आणि विटा गोळा करतात, बांधकामावरून माती मागून आणतात, तिथली सभा ऐकण्यासारखी असते. "हा बुरूज आहे की इडली?" "रायगडाला एवढ्या खाली दरवाजा असतो का, शहाण्या?" "पाणी कमी घाल, तटबंदी बसेल." त्यात 'सुपर' कोणी म्हणत नाही. एकजण रुसून घरी जातो आणि अर्ध्या तासाने मोहरीची पुडी घेऊन परत येतो. हात मातीत आहेत म्हणून टीका झोंबत नाही, आणि टीका आहे म्हणून बुरूज उभा राहतो. ज्याने खरा गड चढून पाहिला आहे त्याचे चार शब्द जास्त चालतात; ज्याने पाहिलेला नाही तो चित्र शोधायला पळतो. ब्रेनस्टॉर्मिंगचा धडा द्यायला बाहेरून माणूस बोलावण्याची खरोखर गरज होती का?

यंत्राशीही माझे वैर नाही. असते तर पुढची हकीकत मी सांगितलीच नसती. ती त्याच कल्याणची आहे, आणि त्या सहा मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. त्यांच्या मार्गदर्शकांनाही नव्हती.

कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन नावाचे एक गृहस्थ होते. १८९२ च्या सुमाराला त्यांनी आपल्या मुलांना हाताशी धरून एक खेळ उभा केला. नाव मोठे झोकदार, 'शांबरिक खरोलिका'. शंबरासुर मायावी, म्हणून जादूचा तो शांबरिक. आणि खरोलिका म्हणजे कंदील. साहेबाची मॅजिक लँटर्न अशी मराठी होऊन उभी राहिली. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने मोठी होऊन पडद्यावर पडत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या मुद्रा पाठोपाठ अशा खुबीने बदलायच्या की पात्र हलल्याचा भास व्हावा. बाजूला निवेदन, संवाद, गाणे, वाद्ये. रामायण-महाभारतातल्या कथा. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ ला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली. त्या दोन्हींच्या आधी कल्याणच्या एका घराने चित्र, आवाज आणि गती यांची वेणी घातली होती. मल्टिमीडिया म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?

मला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती काच. मुलांना काचेवर रंगवायला लावून पाहा. कागद चूक पोटात घालतो, काच घालत नाही. आणि बोटभर चित्रातली केसाएवढी चूक पडद्यावर हातभर दिसते. एका कथेला अशा कितीतरी काचा. तिथे 'सुचेल ते लिहा, जितके जास्त तितके चांगले' हा नियम चालवून दाखवावा कोणी! प्रत्येक काच हातात घेण्याआधी घरात वाद झाला असणार, ही मुद्रा कशाला, ती का नको, असा. दुसरे म्हणजे, कंदील परका होता, पण त्यातून जे दाखवायचे होते ते पटवर्धनांनाही तोंडपाठ होते आणि पाहणाऱ्यांनाही. कीर्तने-पुराणे ऐकून मुरलेला तो प्रेक्षक. सीतेच्या जागी भलतेच काही दिसले असते तर त्याने तिथेच हरकत घेतली असती. बटण नसताना तो खेळ आजच्या कितीतरी प्रकल्पांपेक्षा जास्त 'इंटरॅक्टिव्ह' होता.

यंत्र केवढेही मोठे असो, आधी चालावे लागते, याचा दाखला परदेशातही आहे. इंग्लंडच्या बीबीसीने १९८६ साली, जुन्या 'डूम्सडे बुक'ला नऊशे वर्षे झाली म्हणून, देशाची नवी नोंदवही लेझर तबकड्यांवर केली. हजारो शाळांतली मुले आपापल्या गल्लीत, वाडीत, शेताच्या बांधावर गेली आणि तिथे काय आहे, लोक काय खातात, संध्याकाळी काय करतात, ते लिहून घेऊन आली. पुढे पंधराएक वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली, आणि १०८६ सालचे चामड्याच्या पानांवरचे मूळ पुस्तक मात्र शाबूत होते. तज्ज्ञांना मोठी खटपट करून तबकड्यांतला मजकूर सोडवावा लागला. लोक ही गोष्ट यंत्राची फजिती म्हणून सांगतात. मला तिच्यातली दुसरी बाजू दिसते. सोडवण्याजोगे काही आत होते, म्हणून ती खटपट झाली. आमच्या प्रदर्शनातल्या गरागरा फिरणाऱ्या दुर्गाडीसाठी पंधरा वर्षांनी कोण खटपट करील?

आता त्या पिवळ्या चिठ्ठीकडे पुन्हा वळू, कारण 'दाखवणार काय' हा प्रश्न अनुत्तरित ठेवून चालणार नाही. समजा, त्या मुलीला कोणी म्हटले असते, जा, आठ दिवस बाबांना विचार. डोंबिवलीच्या फलाटावर ते नेमके कुठे उभे राहतात, आणि तिथेच का? कोणता पाय आधी? डबा कोणत्या हातात? बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटे कल्याणला कोण जाते, आणि त्यात किती वेळ मोडतो? मग डोळे मिटून नुसते आवाज ऐक. कळव्याच्या खाडीवरचा पूल आला हे गाडी न पाहता सांगता येते. पारसिकचा बोगदा १९१६ पासून आहे. जलद गाडीने जाणाऱ्या दोन-तीन पिढ्यांच्या कानांत त्याची घरघर बसलेली आहे. २०२२ साली ठाणे-दिवा नवे मार्ग सुरू झाले आणि जलद लोकल त्या बोगद्यातून जायच्या थांबल्या. आज नववीत असलेल्या पोरांच्या कानांवर तो आवाज रोजच्या प्रवासात पडणारच नाही. तो आजोबांना विचारावा लागेल, आणि आजोबा तोंडाने तो काढून दाखवतील. हे ध्वनिमुद्रण कोणत्याही संकेतस्थळावर तयार मिळायचे नाही.

आणि मग पडद्यावर काय दिसावे? फलाट. समोर भरलेली गाडी. पाहणाऱ्यापुढे दोनच बटणे : 'पकडायची' आणि 'सोडायची'. सोडली तर कचेरीत लाल शेरा. असे तीन झाले की पगारात कापाकापी. पकडली तर दारात, एका हातावर. ज्याने बोट टेकवले त्याला पुढचे अर्धे तास भोगावे लागतील. प्रदर्शनाला आलेले पाहुणे, परीक्षक, पालक, सगळ्यांनी एकेकदा तिथे बोट ठेवून पाहावे. शिटी वाजवण्याचे बटण दाबताना कोणाचा हात थरथरत नाही. हे बटण दाबताना थरथरला असता.

पण परीक्षकांना हे रुचले असते का? खरे दुखणे तिथे आहे, आणि त्यात मुलांचा दोष कवडीचा नाही. प्रदर्शनात चमचमणाऱ्या पडद्याला बक्षीस आणि वहीत लिहिलेल्या दहा पानांना 'चांगला प्रयत्न', हा आपण मोठ्यांनी लावून दिलेला भाव आहे. पालक तर त्याहून पुढे. पैसे मोजून तयार प्रकल्प करून देणारी दुकाने कोणाच्या जिवावर चालतात? पोराला रविवारी सकाळी दुर्गाडीवर घेऊन जायला वेळ नाही, आणि प्रकल्पाच्या पुठ्ठ्यावर थ्री-डी चष्मा लावायला मात्र पैसा आहे! कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तिथे आनंदीबाईंविषयी पुस्तके मागायला नववीतले एक पोर जरी गेले, तरी काउंटरवरची माणसे खुर्ची सोडून उठतील. पण त्याचा फोटो निघत नाही.

मुलांची कल्पनाशक्ती मोकळी सुटली पाहिजे, नियमांनी ती खुरटते, असे मला ऐकवले जाते. मोकळी सुटलेली कल्पनाशक्ती त्या दिवशी फळ्यावर मी पाहिली. सहापैकी पाचजणांनी तेच लिहिले होते, जे त्यांनी मोबाइलवर इतर कोणाच्या शहराविषयी पाहिले होते. तिला मोकळी म्हणायचे असेल तर पोपटाला कवी म्हणावे लागेल. सहावीने डोळ्यांनी रोज पाहिलेले लिहिले, आणि तिची चिठ्ठी तेवढी वेगळी निघाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शिकवते त्या शाळेतही अशीच एक बैठक ठरली आहे. मी मुख्याध्यापकांना कळवले आहे की ती खोलीत होणार नाही. रविवारी सकाळी गर्दी कमी असते तेव्हा सहा मुले, मी आणि आमचे शिपाईकाका कल्याण स्टेशनच्या पादचारी पुलावर उभे राहू. चिठ्ठ्या नाहीत, प्रत्येकाला एक साधी वही. पहिला तासभर कोणी कोणाशी बोलायचे नाही, आपापले पाहायचे आणि लिहायचे. नंतर खाली चहाच्या टपरीजवळ बसून एकमेकांच्या वह्या वाचायच्या, आणि जे पटणार नाही त्याला तोंडावर 'नाही' म्हणायचे. कंदील कोणता आणायचा ते मागाहून ठरवू. मुख्याध्यापकांनी अर्जावर 'चर्चा करू' असा शेरा मारून तो परत दिला आहे. सहापैकी चार पालकांच्या सह्या आल्या आहेत, दोघांनी विचारले आहे की यात मार्क किती.